तुमचा ४.७के कुठे असतो? (घरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा पसारा)

खटपट्या (कोथरूड), धागाकर्ता

मंडळी, आधी एक लाजिरवाणी गोष्ट सांगतो, मग प्रश्न विचारतो.

गच्चीवरच्या टाकीत किती पाणी आहे ते स्वयंपाकघरात दिसावं म्हणून ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि छोटा ओलेड डिस्प्ले घेऊन एक यंत्र करतोय. गेल्या रविवारी रात्री साडेअकराला डिस्प्लेच्या दोन आय-टू-सी (डेटाच्या) लाइनींना पुल-अप, म्हणजे लाइन सप्लायकडे ओढून धरणारे, ४.७केचे (४,७०० ओहमचे) दोन रेझिस्टर हवे होते. घरात आहेत हे पक्कं ठाऊक होतं, मीच आणले होते. दीड तास शोधलं. शेवटी १०केचे दोन-दोन समांतर जोडून ५के केले आणि आडवा झालो. शनिवारी तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन शंभराचं पाकीट घेतलं. ते ठेवायला म्हणून श्रीखंडाचा एक डबा उघडला तर आत ४.७केची तीन पाकिटं. तिन्ही न फोडलेली. काखेत कळसा म्हणतात, माझ्या काखेत चार निघाले.

परिस्थिती अशी. टू बीएचके. बाल्कनी बंद करून घेतली आहे, साधारण चार बाय आठ फूट, त्यात एक टेबल आणि एक लोखंडी रॅक. रॅकवर श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, मिठाईचे मिळून चाळीसेक डबे. लेबल पाच-सहांवरच आहे. त्यातलं एक 'इतर' आणि एक 'इतर २'. तेलाच्या रिकाम्या डब्यात वायरींचा गुंता, संक्रांतीनंतरच्या मांज्यासारखा. माळ्यावर दोन गोण्या: जुने सेट-टॉप बॉक्स, प्रिंटर, एक यूपीएस, 'कधीतरी पार्ट काढू' म्हणून ठेवलेले.

विचारायचं ते असं. सुटे पार्ट व्हॅल्यूप्रमाणे लावायचे, प्रकाराप्रमाणे की प्रोजेक्टप्रमाणे? आणि त्या गोण्यांचं काय करू? बायकोने दिवाळीची मुदत दिली आहे.

फ्यूजउडाला

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे 'इतर ५' पर्यंत मजल गेली आहे.

शून्यओहम

प्रश्नाचं उत्तर नंतर देतो. पण ओलेडच्या बहुतेक मॉड्यूलवर पुल-अप आधीच बसवलेले असतात. पाठीमागे बारीक रेझिस्टर दिसतात का बघा, ४७२ किंवा १०३ असं लिहिलेलं. ४७२ म्हणजे ४७ वर दोन शून्यं, ४,७०० ओहम. असतील तर तुम्हाला बाहेरून काही लावायची गरजच नव्हती.

खटपट्या

आत्ता भिंग घेऊन बघितलं. ४७२. दोन आहेत. मी आज या विषयावर आणखी बोलू इच्छित नाही.

गोंद्या

:हहपुवा: (हसून हसून पुरेवाट)

रेडिओकाका (मिरज)

खटपट्या, मी तुझ्यापेक्षा बराच मोठा असेन, अरेतुरे करतोय, राग मानू नकोस.

माझं मिरजेत १९७८ पासून रेडिओ-टेप-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आठ बाय दहाचा गाळा. मी व्हॅल्यूप्रमाणे पार्ट कधीच लावले नाहीत. माझे खण तक्रारीप्रमाणे असायचे. गिऱ्हाईक आत येऊन 'चार पॉइंट सात के गेलाय' असं सांगत नाही. ते म्हणतं, 'रेडिओ गुणगुणतोय', 'आवाज फाटतोय', 'स्टेशन सरकतंय'. म्हणून एक खण 'गुणगुण': त्यात १०००, २२०० मायक्रोचे फिल्टर कपॅसिटर, १एन४००७ डायोड, फ्यूज. एक खण 'आवाज': एसी१८७-एसी१८८ ट्रान्झिस्टरच्या जोड्या, पुढे टीबीए८१० आयसी आले ते, व्हॉल्यूम कंट्रोल, स्पीकरच्या वायरी. एक खण 'स्टेशन': आयएफटी (रेडिओतले छोटे ट्रान्सफॉर्मर), ट्रिमर, डायलची दोरी, गँगचे (स्टेशन लावायच्या कपॅसिटरचे) स्क्रू. तक्रार ऐकता ऐकता हात खणाकडे गेलेला असायचा.

दुसरी गोष्ट, रोज लागणारं सगळं बसल्या जागी हाताशी. दुकानात उठलं की गिऱ्हाईक बोलायला लागतं आणि मग अर्धा तास जातो.

खण कसले म्हणशील तर काडेपेट्या. चाळीस-पन्नास काडेपेट्या एकावर एक चिकटवायच्या, वरून खाकी कागद, प्रत्येक कप्प्याला शर्टाचं बटण शिवायचं, ओढायला. दर्शनी भागावर आत असेल तो पार्ट एकेक चिकटवून ठेवायचा, म्हणजे लेबल वाचायचीही गरज नाही. पुढे प्लास्टिकचे कप्पे घेतले, पण बटणाची मजा त्यात नाही.

बंड्या (बे एरिया)

काका, काडेपेट्या!! माझ्या मामाकडे अगदी अशाच होत्या. एकदा वीज गेली तेव्हा मी मेणबत्ती लावायला त्यातली ओढली आणि आतून जर्मेनियमचे डायोड सांडले. मामा आठवडाभर बोलला नव्हता.

शून्यओहम

काकांची पद्धत अफलातून आहे, पण दुरुस्तीसाठी. दुरुस्तीत प्रश्न ठरलेले असतात. आपण हौशी लोक उद्या काय करणार हे आपल्यालाच माहीत नसतं, तेव्हा पार्ट त्याच्या स्वतःच्या ओळखीनेच सापडायला हवा.

म्हणून रेझिस्टरपुरतं माझं उत्तर: व्हॅल्यूप्रमाणे, पण प्रत्येक व्हॅल्यूला खण नको. ई१२ मालिकेत (रेझिस्टरच्या ठरलेल्या व्हॅल्यूंची यादी) एका दशकात, म्हणजे दर दहापटीत, बारा व्हॅल्यू: १०, १२, १५, १८, २२, २७, ३३, ३९, ४७, ५६, ६८, ८२. १० ओहमपासून १ मेगपर्यंत गेलात की ६१ खण झाले. त्यातले चाळीस कधी उघडणार नाहीत. रेझिस्टरवर रंगीत पट्ट्या असतात, पहिल्या दोन म्हणजे आकडे, तिसरी म्हणजे त्यावर किती शून्यं. मी त्या तिसऱ्या पट्टीच्या रंगाने लावतो. तिसरी काळी म्हणजे १० ते ८२ ओहम, तपकिरी म्हणजे शेकडे, लाल म्हणजे १के ते ८.२के, नारिंगी म्हणजे दहा हजारांतले, पिवळी म्हणजे लाखातले. पाच डब्यांत सगळं. लाल डब्यात हात घातला की पिवळी-जांभळी (४ आणि ७) जोडी शोधायला दहा सेकंद लागतात. परत ठेवतानाही विचार करावा लागत नाही, तिसरी पट्टी बघायची आणि टाकायचा. माझ्या मते परत ठेवणं किती सोपं आहे यावरच सगळं ठरतं.

लालहिरवा

शून्यओहम, तुमची पद्धत माझ्यासारख्याला उपयोगाची नाही. मला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, तपकिरी तर त्या दोघांतलं कोण हे देवालाच ठाऊक. सदस्यनाम उगाच घेतलेलं नाही.

आणि रंग दिसणाऱ्यांनीही फार मिजास करू नये. हल्लीचे एक टक्क्याचे निळे मेटल फिल्म रेझिस्टर घ्या. पाच पट्ट्या, म्हणजे गुणक चौथ्या पट्टीत जातो. त्यावरचा ४.७के म्हणजे पिवळी, जांभळी, काळी, तपकिरी, तपकिरी. आणि कुठल्या टोकाकडून वाचायचं? उलटा वाचला तर तपकिरी, तपकिरी, काळी, जांभळी, म्हणजे १.१ गिगाओहम. निळ्या अंगावर हे रंग ट्यूबलाइटखाली वाचून दाखवा.

मी पट्टीतून रेझिस्टर सुटा करतच नाही. कागदी टेपला लागलेले असतात तसेच पाकिटात, पाकिटावर आकडा. सुटा उरला की मीटरने मोजायचा, नाहीतर सरळ फेकायचा. एका रेझिस्टरची किंमत काही पैशांत, तो ओळखण्यात पाच मिनिटं घालवणं मला परवडत नाही.

गोंद्या

फेकायचा???

रेडिओकाका (मिरज)

फेकायचा नाही रे. वरण-भातासारखं, पानात टाकू नये.

चाकणचा शिफ्टवाला

आमच्या कारखान्यात फाइव्ह-एस आहे. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके. मराठीत सांगायचं तर नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, झाडा-पुसा, ठरलेली पद्धत करा आणि ती मोडू नका. सगळे लोक दुसऱ्या एसपासून सुरुवात करतात, म्हणजे आधी डबे विकत आणतात. खटपट्यांनीही तेच करायचं ठरवलेलं दिसतंय. आधी पहिला एस. माळ्यावरच्या गोण्या.

घरी उपयोगी पडणाऱ्या दोनच गोष्टी. हत्यारांसाठी शॅडो बोर्ड: प्लायवर खिळे, प्रत्येक हत्यार टांगून मागे त्याची बाह्यरेषा मार्करने काढायची. कटर जागेवर नसेल तर रिकामी आकृती डोळ्यांत भरते. दुसरी, दोन-पाकिटं पद्धत. नेहमी लागणाऱ्या पार्टची दोन पाकिटं, दुसरं मागे, स्टेपल केलेलं. पुढचं संपून मागचं फोडलं की त्याची चिठ्ठी पैशाच्या पाकिटात जाते, बाजारात गेलं की घ्यायचं. चिठ्ठी नसेल तर घ्यायचं नाही. ही पद्धत असती तर ४.७केची चार पाकिटं झालीच नसती.

फ्यूजउडाला

शॅडो बोर्ड केला होता. आता माझ्याकडे सात हत्यारांच्या सुंदर बाह्यरेषा आहेत.

चाकणचा शिफ्टवाला

म्हणजे पाचवा एस राहिला.

ठाणेकरीण

तुम्हा सगळ्यांकडे खोली, बाल्कनी, गाळा वगैरे आहे असं गृहीत धरून चाललंय. माझी वर्कशॉप म्हणजे जेवणाचं टेबल. रात्री नऊ ते अकरा. लेक साडेतीन वर्षांची आहे, त्यामुळे अकरा वाजता टेबलावर एकही स्क्रू राहता कामा नये. पेशाने मी पीसीबी डिझाइन करते, ऑफिसात सगळं टापटीप, घरी मात्र हे असं.

मी ताटं वापरते. स्टीलची, काठाची. एक प्रोजेक्ट म्हणजे एक ताट. बोर्ड, त्याचे पार्ट, काढलेले स्क्रू, चिठ्ठी, सगळं त्यातच. उठायची वेळ झाली की ताट उचलायचं आणि कपाटाच्या वरच्या खणात सरकवायचं. दुसऱ्या दिवशी जिथे होते तिथून सुरू. तीन ताटं आहेत, म्हणजे एका वेळी तीनच प्रोजेक्ट. चौथं सुचलं तर आधी एक रिकामं करायचं. ताटाखाली जुन्या स्पीकरचं चुंबक ठेवलं की लोखंडी स्क्रू जागचे हलत नाहीत, चांगल्या स्टीलच्या ताटाला स्वतःला चुंबक जेमतेमच धरतं पण आरपार ओढ लागते.

सोल्डरची रिळं, टेप, हीट-श्रिंक स्लीव्ह, हे सगळं बांगड्यांच्या स्टँडवर. लग्नात दोन आले होते, एक सत्कारणी लागला.

एसएमडी पार्टसाठी (बिनपायाचे, बोर्डावर चिकटणारे बारीक पार्ट) व्हिजिटिंग कार्डांचा अल्बम. टेपचे तुकडे कापून एकेका कप्प्यात, वर व्हॅल्यू. पाचशे प्रकारचे पार्ट एका वहीएवढ्या जागेत. वाचायला बसल्यासारखं पान उलटायचं.

शून्यओहम

ताट भारी आहे. पण जेवणाच्या टेबलावर सोल्डर? ६०/४० सोल्डरमध्ये चाळीस टक्के शिसं असतं. धुरात शिसं जात नाही फारसं, तो राळेचा धूर. खरा धोका हाताला लागलेलं पोटात जाण्याचा आणि कापलेले लीड (पार्टचे पाय) उडून पडण्याचा. लहान मूल असताना जपावं असं वाटतं.

ठाणेकरीण

बरोबर आहे, लिहायला हवं होतं. घरी शिसं अजिबात नाही. लेड-फ्री वापरते. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, शिसंवाल्या ६३/३७ सारखं १८३ ला नाही, त्यामुळे इस्त्री (आम्ही सोल्डरिंग आयर्नला तेच म्हणतो) थोडी चढी ठेवावी लागते. सिलिकॉनची मॅट वेगळी, ती टेबलाला लागत नाही. लीड कापताना बोटाने टोक धरते, उडू देत नाही. आणि ती ताटं जेवायला परत वापरत नाही, पाठीमागे लाल नेलपेंटने फुली आहे. सासूबाईंनी एकदा त्यातल्या एकात पापड वाळत घातले होते, तेव्हापासून.

पश्चिमवारा (रत्नागिरी)

कोकणातून लिहितोय म्हणून वेगळाच मुद्दा. डबे कुठले याआधी झाकण किती घट्ट ते बघा. इथे जूनमध्ये उघडा ठेवलेला ट्रान्झिस्टर सप्टेंबरात काळ्या पायांनी भेटतो. मग सोल्डर चिकटत नाही, थेंब होऊन घरंगळतं. पाय पात्याने खरवडून, फ्लक्स लावून, आधी टिन करून (सोल्डरचा पातळ थर देऊन) घ्यावे लागतात. समुद्र दोन किलोमीटरवर असेल तर काडेपेट्या विसरा, काका माफ करा, पुठ्ठा ओल धरतो.

माझ्याकडे सगळं घट्ट झाकणाच्या बरण्यांत, प्रत्येकीत सिलिका जेलची पुडी. निळे दाणे गुलाबी झाले की सुकवायचे. निळ्यात कोबाल्ट असतं, ते स्वयंपाकाच्या भांड्यात किंवा ओव्हनमध्ये भाजू नका. माझी जुनी कढई त्यासाठीच आहे.

हत्यारांच्या सांध्यांवर पावसाळ्याआधी शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. मल्टिमीटर दोन महिने वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवा. माझा एक चांगला मीटर सेल फुटून आतून हिरवा झाला.

विदर्भवासी

आमच्याकडे उलट. नागपूरच्या थंडीत हवा इतकी कोरडी की स्वेटर काढताना ठिणग्या दिसतात. कोणी आयसी थर्माकोलात खोचून ठेवता का? कॉलेजात आम्हाला तसंच शिकवलं होतं, दिसायला झकास दिसतात, फुलदाणीसारखे. थर्माकोल घासला की स्थिर विद्युत तयार होते आणि सीमॉस आयसी गतप्राण होतो. माझे पाच ४०१७ (काउंटर आयसी) असेच गेले. आणि गेलेत हे कळायला मला महिना लागला, कारण मी दोष सर्किटला देत होतो. काळा कंडक्टिव्ह फोम वापरा, किंवा आयसी आलेल्या प्लास्टिकच्या नळीतच राहू द्या. घाईत काही नसेल तर थर्माकोलावर आधी स्वयंपाकघरातला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळा, मग खोचा.

नवखा_हॉस्टेल

माझ्याकडे एक ट्रंक आहे फक्त. त्यात कपडेपण असतात. काय करू?

गोंद्या

कपडे प्रकाराप्रमाणे, रेझिस्टर व्हॅल्यूप्रमाणे.

ठाणेकरीण

नवखा, त्याचं ऐकू नकोस. तुला सगळ्या व्हॅल्यू लागतच नाहीत. १००, ३३०, १के, ४.७के, १०के, १००के. कपॅसिटरमध्ये १०४ (०.१ मायक्रो) भरपूर, १० आणि १०० मायक्रो. बीसी५४७ ट्रान्झिस्टर, १एन४००७ डायोड, ७८०५ रेग्युलेटर, एक-दोन ५५५ टायमर. सगळं एका कंपासपेटीत मावतं. बाकी प्रोजेक्ट ठरला की त्याच दिवशी आण, दुकानं काही पळून जात नाहीत.

बंड्या (बे एरिया)

अवांतर, पण पसारेवाल्यांच्या बाजूने कोणीतरी बोलायलाच हवं.

अॅनालॉग सर्किटवाल्यांत जिम विल्यम्स हे फार मोठं नाव, लिनिअर टेक्नॉलॉजीमध्ये होते. २०११ च्या जूनमध्ये ते गेले. त्यांचं काम करायचं टेबल माउंटन व्ह्यूच्या कम्प्युटर हिस्टरी म्युझियममध्ये त्याच वर्षी पसाऱ्यासकट मांडलं होतं. मी पाहिलंय. ऑसिलोस्कोपवर बोर्ड, बोर्डांवर वायरी, त्यावर आणखी बोर्ड, हवेत उभी केलेली सर्किटं, टेबलाचा पृष्ठभाग दिसतच नाही. त्यांचे मित्र, नॅशनल सेमीकंडक्टरचे बॉब पीज, यांचं ऑफिस तर पसाऱ्यासाठी प्रसिद्ध होतं, कागदांचे डोंगर. विल्यम्सच्या आठवणींसाठी जमलेल्या मंडळींना भेटून परत निघाले आणि गाडीच्या अपघातात तेही गेले, एका आठवड्याच्या आत.

सांगायचं एवढंच की या दोघांना फाइव्ह-एस लावला असता तर काय झालं असतं?

चाकणचा शिफ्टवाला

बंड्याशेठ, त्यांच्या डोक्यात खण होते. आपल्या डोक्यात 'इतर २' आहे.

शून्यओहम

+१. शिवाय कंपनीच्या स्टोअरमध्ये त्यांचे पार्ट कोणीतरी नीट लावत असणारच. त्या माणसाचं टेबल कोणी म्युझियममध्ये मांडलं नाही.

टेबलकार

मी सगळ्यांपेक्षा वेगळं करतो. जागा ठरवायचीच नाही. प्रत्येक झिपच्या पाकिटाला क्रमांक, पाकिटं बुटांच्या खोक्यात क्रमाने उभी, ग्रंथालयातल्या कार्डांसारखी. कॉम्प्युटरवर तक्ता: ४.७के = १३८. शोधलं की आकडा येतो, आकडा काढला की पाकीट हातात. नवा पार्ट आला की पुढचा क्रमांक. वर्गीकरणाचा वादच संपला.

फ्यूजउडाला

आणि तक्ता अद्ययावत कोण ठेवतं?

टेबलकार

मी.

फ्यूजउडाला

रात्री साडेबाराला, इस्त्री गरम असताना, २३१ मधले तीन ट्रान्झिस्टर काढले की तक्त्यात तीन वजा करता?

टेबलकार

संख्या लिहीतच नाही मुळी. फक्त जागा. पाकीट रिकामं झालं की ते समोर उपडं टाकायचं. संख्या लिहायला गेलेले सगळे तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात, मीही दोनदा सोडलं होतं.

लालहिरवा

हे पटलं. रंगांशी संबंध नाही हे सर्वांत पटलं.

रेडिओकाका (मिरज)

गोण्यांबद्दल कोणी बोलेना, म्हणून मी सांगतो. जुन्या बोर्डावरून काय काढावं: ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, स्विच, सॉकेट, रिले, जाड वायर, स्क्रू. हे जुनं झालं म्हणून बिघडत नाही आणि नव्याला पैसे पडतात. काय काढू नये: रेझिस्टर, डिस्क कपॅसिटर (पाय आखूड होतात, वेळ जातो), आणि इलेक्ट्रोलिटिक तर मुळीच नाही. उष्णतेने आधीच वाळलेले असतात. न वापरलेले असले तरी वर्षानुवर्षं पडून राहिले की त्यांची गळती वाढते, एकदम पूर्ण व्होल्टेज देऊ नये, रेझिस्टरमधून हळूहळू चढवावं.

यूपीएस आणि एसएमपीएस (कॉम्प्युटर वगैरेंचा पॉवर सप्लाय) उघडताना जपून. २३० व्होल्ट रेक्टिफाय होऊन मोठ्या कपॅसिटरवर ३२५ पर्यंत जातात आणि प्लग काढल्यावरही राहू शकतात. आधी मीटरने बघायचं. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी काढणारे बहाद्दर मी पाहिलेत, स्क्रूड्रायव्हरचं टोक वितळलेलंही पाहिलंय.

आणि गोणी वर ठेवायचीच नाही. आणलं त्या आठवड्यात सोलायचं, उरलेलं भंगारवाल्याला. 'कधीतरी' नावाचा वार नसतो.

पश्चिमवारा (रत्नागिरी)

काकांच्या यादीत एक भर. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले १८६५० सेल काढून ते स्क्रूंच्या डब्यात टाकणारे लोक मला माहीत आहेत. ३.७ व्होल्ट दिसायला किरकोळ, पण कापलेल्या लीडने शॉर्ट झाला तर डबा पेटतो. प्रत्येक सेल वेगळ्या प्लास्टिकच्या खोळीत, अर्धवट चार्ज करून, धातूच्या डब्यात इतर सामानाबरोबर अजिबात नाही. फुगलेला, गरम होणारा सेल घरात ठेवूच नये.

गोंद्या

वायरींचं कोणी सांगितलंच नाही. तो मांजा.

ठाणेकरीण

कापून टाका. खरंच. सहा इंचांहून आखूड सगळं भंगारात. उरलेलं पुठ्ठ्याच्या तुकड्यावर आठच्या आकड्यात गुंडाळायचं, दोन्ही बाजूंना खाच करून टोकं अडकवायची. रिलिमेटच्या (प्लास्टिक कनेक्टर लावलेल्या) वायरी पिनांच्या संख्येप्रमाणे वेगवेगळ्या पाकिटांत, बर्ग स्ट्रिप (पिनांच्या पट्ट्या) कंपासपेटीत. चार्जर आणि अॅडॅप्टरवर पांढऱ्या मार्करने व्होल्ट ठळक लिहा, म्हणजे पाच व्होल्टच्या बोर्डाला कोणी बारा देणार नाही. (मी दिलेत.)

विदर्भवासी

बारा? आम्ही एकोणीस दिलेत. लॅपटॉपचा होता. वास अजून आठवतो.

खटपट्या

पाच आठवड्यांनी परत आलोय. दिवाळीला अजून बारा दिवस आहेत, म्हणजे मुदतीत बसलो.

केलं ते सांगतो. आधी गोण्या. दोन रविवार गेले. काढून ठेवण्यासारखं एका बुटांच्या खोक्याएवढं निघालं: तीन ट्रान्सफॉर्मर, हीटसिंक, प्रिंटरच्या दोन स्टेपर मोटर आणि त्यांच्या स्टीलच्या दांड्या, बरेच स्क्रू. बाकीचं भंगारात. यूपीएसच्या कपॅसिटरवर मीटर लावला, काही नव्हतं, पण काकांमुळे लावला.

रेझिस्टरना शून्यओहमचे तिसऱ्या पट्टीचे पाच डबे. निळ्या पाच-पट्टीवाल्यांना ते चालत नाही हे लालहिरव्यांचं म्हणणं पहिल्याच दिवशी पटलं, ते टेपसकट पाकिटात ठेवलेत, टेबलकारांच्या क्रमांकाने. म्हणजे घरात आता दोन पद्धती नांदतात. चाकणवाल्यांना चालणार नाही, पण मला चालतंय.

तीन ताटं घेतली. हा सगळ्यांत मोठा फरक. आधी अर्धवट राहिलेल्या प्रोजेक्टचे पार्ट 'नंतर लागतील' म्हणून टेबलावरच असायचे आणि मग त्यांच्यावर पुढच्याचे. माझे खरे हरवलेले पार्ट डब्यांत नव्हतेच, ते अकरा अर्धवट सर्किटांत होते. अकरातली तीन ताटात घेतली, दोन मोडून पार्ट परत लावले, सहांकडे बघायची हिंमत होत नाही. ती खोक्यात भरून त्यावर 'इतर ३' लिहिलंय.

शॅडो बोर्ड केला. कटर सध्या जागेवर नाही.

टाकीचं यंत्र चालू झालं. लावलेले ५के काढून टाकले, डिस्प्ले मॉड्यूलवरच्या दोनांवर उत्तम चालतोय. मोजल्यावर घरात ४.७के एकूण ३६२ निघाले. कोथरूडच्या आसपास कोणी असेल तर येऊन घेऊन जा, चहा मिळेल.

नवखा_हॉस्टेल

दादा मला २० चालतील. रविवारी येऊ का? ट्रंकेत जागा केली आहे.

शून्यओहम

१०के किती निघाले?

खटपट्या

शून्य. सगळे समांतर जोडण्यात गेले बहुतेक. नवखा, येताना घेऊन ये.